धंदा कोण टाकतं, माणसं कोण ठेवतं

सांगलीत मार्केट यार्डाजवळ बसून मी लोकांचे हिशेब लिहिते. जीएसटीची रिटर्न्स, आयकर, आणि बँकेला लागणारे प्रकल्प अहवाल. त्यामुळे नव्यानं धंद्यात पडणारा माणूस पुष्कळदा जिल्हा उद्योग केंद्रात जाण्याआधी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. हातात मशीनचं कोटेशन, आधार, पॅन, शिक्षणाचे दाखले, जागेचा उतारा. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात खुल्या गटातल्या पुरुषानं प्रकल्पाच्या खर्चातले दहा टक्के स्वतःचे घालायचे, महिला आणि राखीव गटांना पाच टक्के पुरतात, खेड्यात अनुदान 25 किंवा 35 टक्के. हे सगळं मी व्यवस्थित भरून देते. पण हा माणूस पाच वर्षांनी धंद्यात असेल की नसेल, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या कागदावर येतच नाहीत. घरात आधी कुणी धंदा केलाय का? एखादा महिना कोरडा गेला तर चूल कशावर पेटणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्याच्या हातून झालेलं काम तुम्हाला बघवतं का?

हे प्रश्न मी आता तोंडी विचारते. काहींना राग येतो. येऊ दे.

आपल्याकडे धंदा करणारी माणसं कमी आहेत, मराठी माणूस नोकरीच्या मागे लागतो, हे वाक्य लहानपणापासून कानावर पडत आलंय. मला ते कधीच पटलं नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 2023-24 साली देशातल्या कामकऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात होते. निम्म्याहून जास्त देश स्वतःचंच काहीतरी करतोय. मात्र त्या आकड्याच्या पोटात तीन वेगळी माणसं आहेत. एक, स्वतःच्या बळावर एकटा काम करणारा. दुसरा, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारा, आणि यात बायका फार मोठ्या संख्येनं आहेत. तिसरा, चार माणसांना पगार देणारा मालक. हा तिसरा फार थोडा. शेती करणारा, भाजीची पाटी घेऊन बसणारी, टपरीवाला, रिक्षावाला आणि कुपवाडच्या एमआयडीसीत तीस माणसं सांभाळणारा कारखानदार यांना एकाच आकड्यात बसवून आपण ‘उद्योजकता’ म्हणून टाळ्या वाजवतो. स्वतःचं काम सुरू करायला एक प्रकारचा माणूस लागतो. दुसऱ्याच्या पगाराचा भार घ्यायला आणखी काहीतरी लागतं.

आधी पहिल्याचं बघू. आमच्या जिल्ह्यात त्याचं उत्तर शोधायला विट्याला जावं लागतं.

खानापूर, आटपाडी, शेजारचे साताऱ्याचे माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी इथं जमीन असूनही पोट भरत नव्हतं. या गावांमधली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि तामिळनाडू, केरळापासून उत्तर प्रदेश, बंगालपर्यंत पसरली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात शोधून शुद्ध करून द्यायचं काम. सराफाच्या दुकानातली झाडलोट, पॉलिशची धूळ, तीही विकत घेऊन त्यातले कण काढायचे. परक्या गावात, परक्या भाषेत, दुसऱ्याचं सोनं हातात घेऊन बसायचं. टंचात, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या मापात, जरा इकडेतिकडे झालं की पत गेली, आणि पत गेली की दुकान गेलं.

ही माणसं बाजाराचं सर्वेक्षण करून निघाली नव्हती. दहावी झाली किंवा नाही झाली, मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात पोरगं पाठवलं. आधी झाडू मारायचा, मग सोनं वितळवायची मूस धरायची, भट्टी सांभाळायची, मग सराफांकडून माल आणायचा. बरीच वर्षं राबल्यावर शेजारच्या शहरात स्वतःचं दुकान. पहिलं भांडवल बऱ्याचदा त्याच मामाचं, आणि पहिली ओळखही त्याच मामाची. असं एकामागून एक करत गावंच्या गावं बाहेर गेली.

विट्याचा एक तरुण माझ्याकडे येतो. वडील, मामा, दोघंही गलाईवाले. त्यानं मात्र गावात येऊन पोल्ट्रीचं खाद्य तयार करायचं मशीन टाकलं. मी एकदा विचारलं, मामांकडं काय शिकलास? तो म्हणाला, “मुद्दाम शिकवलं असं काय न्हाई ओ मॅडम. एकदा एका पार्टीनं मोठी रक्कम बुडवली. मामा दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आंघोळ केली, देवाला उदबत्ती लावली आणि दुकान उघडलं. ते बघितलंय.”

यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. ज्या घरात पगार एक तारखेला येतो त्या घरातल्या मुलाला पैसे बुडणं म्हणजे जग बुडणं वाटतं. ज्यानं बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी उठलेला पाहिलाय, त्याच्या लेखी तो धंद्यातला एक वाईट आठवडा असतो.

हे रक्तातून येतं की घरातून, याचा शोध घेणारा एक सुंदर अभ्यास स्वीडनमध्ये झाला. 2015 साली तो प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दत्तक गेलेली मुलं घेतली, म्हणजे जन्मदाते वेगळे आणि वाढवणारे वेगळे. आईवडील स्वतःचा धंदा करणारे असतील तर मूलही त्या वाटेनं जाण्याची शक्यता साधारण 60 टक्क्यांनी वाढते, हे त्यांना आढळलं. जन्मदात्यांचा प्रभाव होता, पण वाढवणाऱ्यांचा त्याच्या दुप्पट निघाला. तो वाचला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. जातीवरून, घराण्यावरून ‘त्यांच्या रक्तातच धंदा आहे’ म्हणणारे लोक मी रोज ऐकते. माणच्या माळावरच्या शेतकऱ्यांच्या रक्तात काही पिढ्यांपूर्वी सोनं कुठं होतं?

दुसरी गोष्ट म्हणजे अपमान. नोकरीतला अपमान गिळता न येणं हे धंद्यात पडण्याचं फार जुनं कारण आहे, आणि आमच्या जिल्ह्यात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण रेल्वे स्टेशनसकट उभं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढं लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे तो पहिली दोनेक वर्षं कुणी घेईना. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट शाळेत सांगताना अपमानावर आणि जिद्दीवर भर असतो. मला त्यातले दुसरे दोन तपशील जास्त मोलाचे वाटतात. नोकरी सोडली तेव्हा लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. सायकलींचं दुकान भावांनी 1888 मध्येच काढलं होतं. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे, बेळगावात रामूअण्णा विकायचे. म्हणजे राजीनामा दिला त्या दिवशी पायाखाली फळी होती. आणि बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, पैशाची मदत केली. अपमान त्या काळी हजारो हिंदी नोकरदारांचा होत होता. रामूअण्णा फार थोड्यांच्या घरी होते.

लक्ष्मणरावांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. पण जिद्द हा शब्द आपण इतका उधळून वापरतो की ज्याचा धंदा बसला त्याच्याकडे ती नव्हती, असा अर्थ आपोआप निघतो. हा फार मोठा अन्याय आहे. माझ्या कपाटात बंद पडलेल्या धंद्यांच्या फायली आहेत. त्यातल्या एकाही माणसाला मी निरुत्साही म्हणू शकणार नाही.

2019 च्या महापुरात हे मी फार जवळून पाहिलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, मारुती चौक, टिळक चौक, सगळी पेठ पाण्याखाली. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं जड झालेल्या वह्या माझ्याकडे घेऊन यायचे. आम्ही गच्चीवर बिलं एकेक करून पसरली. वर दगड ठेवले, काही शाई पार धुऊन गेलेली होती. विम्याच्या दाव्यासाठी साठ्याचा पुरावा लागतो, आणि साठा कृष्णेनं नेलेला. नंतरच्या महिन्यांत कोण उघडलं आणि कोण नाही उघडलं, हे मला हिशेबातून दिसत होतं. लवकर उघडले ते ज्यांच्या घरात कुणीतरी पगारदार होतं, ज्यांचा पुतण्या पुण्यात आयटीत होता, ज्यांच्या सासऱ्यांनी तासगावच्या बेदाण्याचे पैसे पुढं केले, ज्यांना होलसेलवाल्यानं जुनं येणं बाजूला ठेवून नवा माल दिला. तितकीच कष्टाळू माणसं, ज्यांच्यामागं कुणी नव्हतं, दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागली. त्यातल्या एकानं माझ्याकडं येऊन जीएसटी नंबर रद्द करून घेतला. सही करताना त्याचा हात थांबला होता. तो सोळा तास काम करणारा माणूस होता, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

वयाबद्दलही एक गैरसमज आहे. कॉलेजातून निघालेला, बाविशीतला, लॅपटॉप घेतलेला उद्योजक आपल्या डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, निदान एक माणूस कामावर ठेवणाऱ्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय 42 च्या आसपास निघालं, आणि सगळ्यात वेगानं वाढलेल्यांचं 45. आमच्या कुपवाड-मिरजेच्या वर्कशॉपमध्ये फिरा, हेच दिसेल. कुणाच्या तरी कारखान्यात लेथवर उमेदीची वर्षं काढायची, कास्टिंग कुठून येतं, पार्टी पेमेंट कधी देते, हे डोक्यात भरायचं, आणि मग जुनी लेथ विकत घेऊन गाळ्यात बसवायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही रयत शिक्षण संस्थेचा पसारा वाढवण्याआधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरती केली होती. दुसऱ्याचा माल खांद्यावर घेऊन हिंडलेल्या माणसाला लोक कसे ‘नाही’ म्हणतात आणि कशानं ‘हो’ म्हणतात, हे कळतं. हजारो शिक्षकांना काम देणारी संस्था उभी करणाऱ्याला त्याचा उपयोग झालाच असणार.

मग ही माणसं मिळवतात तरी किती? अमेरिकेत 2000 साली आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं होतं की दहा वर्षं स्वतःचा धंदा केलेला सर्वसाधारण माणूस, नोकरीत राहिला असता तर जे कमावलं असतं त्यापेक्षा 35 टक्के कमी कमावतो. तरी सोडत नाही. माझ्याकडच्या वह्याही बहुतेक वेळा हेच बोलतात. मी एकाला म्हटलं होतं, दादा, एवढ्या पैशात तुम्हाला सुपरवायझरची नोकरी मिळेल. तो म्हणाला, “मिळंल की. पण आईला दवाखान्यात न्यायला रजेचा अर्ज कोण लिहित बसणार?” हे स्वातंत्र्य खरं आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण त्या 35 टक्क्यांतला मोठा वाटा घरची बाई भरून काढत असते, हेही मला दिसतं. दुकान ती उघडते, डबे ती करते, उधारी मागायला ती जाते, आणि हिशेबाच्या वहीत तिचं नाव कुठंही नसतं.

म्हणून म्हसवडचं माणदेशी मला फार जवळचं वाटतं. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं त्या भागातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला. प्रवर्तक बायका अंगठे उठवणाऱ्या, त्यांची बँक कशी चालणार, असा आक्षेप होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची त्यांची तयारी होती. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मेंढ्या, शेळ्या, भाजी, दोर वळणं, यात आयुष्य काढलेल्या बायकांना व्याज कळत नाही असं समजणाऱ्यानं आठवडी बाजारात एक दिवस बसावं. या बायका धंद्यात आल्या त्या गरजेनं, आवड म्हणून नव्हे. पर्याय नव्हता. गरजेनं आलेल्याला आपण कमी लेखतो, जणू खरा उद्योजक तो ज्याला स्वप्न पडलं. पाठीशी बचत आणि ओळखीची माणसं उभी राहिली की गरजेनं आलेली बाईसुद्धा गिरणी टाकते, दुसऱ्या बाईला रोजगार देते. माणात ते झालेलं आहे.

आता दुसरी पायरी. पगार देणं.

कुपवाडला एक अण्णा आहेत. टर्निंगचं जॉबवर्क करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरचे सुटे भाग लेथवर कातून देतात. काही वर्षं एकटेच मशीनवर असायचे, मग एक पोरगं ठेवलं. त्या दिवसांत मी कागदांवर सह्या घ्यायला गेले होते. पोरानं एका ऑर्डरचे पीस कमी मापात काढले होते. अण्णांनी माप घ्यायचा व्हर्नियर लावला, एक पीस बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. बोलले काहीच नाहीत. पोरगं भिंतीला चिकटून उभं. मग त्यांनी नवीन बार चकमध्ये बांधला, पोराला पुढं केलं आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. हात अगदी घट्ट धरलेले होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मी केलं तर तासाभरात संपतंय ओ ताई. पण मग जन्मभर मीच करायचं.”

ते रिजेक्शन त्यांनी पोराच्या पगारातून कापलं नाही. वहीत ‘शिकवणी’ म्हणून खर्च टाकता येतो का, असं मला विचारलं. तसं खातं नसतं, मी तो वाया गेलेल्या मालात दाखवला. आज त्यांच्याकडे चौदा माणसं आहेत.

त्याच गल्लीत त्यांच्याहून चांगला कारागीर आहे. मापाला त्याचा हात कुणी धरणार नाही. तो आजही एकटाच आहे, कारण दुसऱ्यानं काढलेला पीस त्याला सहन होत नाही. त्याच्याकडे कर्ज नाही, शांत झोप आहे, आणि त्यानं माणसं वाढवावीत असं मला कधीच वाटलं नाही. मालक होणं ही कारागिरीच्या वरची पायरी आहे, असं मी मानत नाही. ते वेगळंच काम आहे. कारागिराचा जीव वस्तूत असतो, मालकाला तो माणसांत गुंतवावा लागतो, आणि माणसं मापात बसत नाहीत. उचल मागतात, गावच्या जत्रेला न सांगता जातात, दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या गाळ्यात दोनशे रुपये जास्त मिळाले की निघून जातात.

शिवाय भीती. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा, वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. नवव्या माणसावर थांबलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. कायद्याला दोष देणं सोपं आहे, पण कामगाराच्या आजारपणाची सोय झालीच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रजिस्टर लिहायचं काम माझ्यासारखी माणसं करून देतात. खरी धास्ती पगारवाराची असते. मोठ्या पार्टीनं नव्वद दिवस बिल लटकवलं तरी शनिवार संध्याकाळ टळत नाही. त्या संध्याकाळी कुणाचे पैसे आधी निघतात, स्वतःच्या घरचे की कामगाराचे, यावरून मी माणूस ओळखते. अण्णांनी एका तंगीच्या महिन्यात मुलीची फी लांबवली आणि पगार केले. वहिनींना ते मान्य होतं. मान्य नसतं तर चौदा माणसांचा आकडा मी आज लिहू शकले नसते.

धंद्याची ओढ काही अंशी शिकवताही येते, असं मानणारे आहेत. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना खास प्रशिक्षण देऊन पाहिलं होतं. काहीतरी करून दाखवायची आस वाढवायची, असा त्यांचा प्रयत्न होता, आणि शिकून गेलेल्यांनी पुढं जास्त हालचाल केली असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या उद्योजकता शिबिरांचं मूळ अशाच विचारात आहे. ही शिबिरं मला निरुपयोगी वाटत नाहीत. फक्त तिथं मुलांना एकदा तरी एखाद्या गाळ्यात शनिवारी संध्याकाळी नेऊन बसवावं, आणि शक्य असेल तर पैसे बुडालेल्या माणसाशी भेट घालून द्यावी. शेवटी विट्याच्या त्या पोराला मामांकडून तेच मिळालं होतं. ज्यांच्या घरी मामा नाहीत त्यांना ते शिबिरातून मिळालं तर बिघडलं कुठं?

गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळ भागातून एक ताई आल्या होत्या. शेवया आणि पापडाचं मशीन घ्यायचंय. आजवर घरात हातानं करून लग्नसराईत विकत होत्या. शेजारच्या दोन बायका आत्ताच मदतीला येतात. मी नेहमीचे प्रश्न विचारले. नवरा एसटीत चालक, पगार चालू. सासूबाई सकाळी मुलांचं बघतात. आईचं मिरजेत भाजीचं दुकान होतं, लहानपणी त्या गल्ल्यावर बसायच्या. “आणि त्या दोघींनी केलेल्या शेवया तुमच्यासारख्या होतात का?” असं विचारल्यावर त्या हसल्या. “न्हाई होत. एकीच्या जाड होत्यात. तिला आता पापडाला लावलंय, लाटणं चांगलं हाय तिचं.”

प्रकल्प अहवालात मजुरीचा रकाना आला तेव्हा त्यांनी दोघींची नावं आणि महिन्याची रक्कम सांगितली. मी त्यांच्या स्वतःच्या कामाचा मोबदलाही त्याच रकान्यात धरायला लावला. त्या नको म्हणत होत्या, घरचंच काम आहे म्हणून. मी ऐकलं नाही. तीन नावांची मजुरी धरूनही कर्जाचा हप्ता बसतोय, मी दोनदा तपासलंय. फाईल सोमवारी बँकेत जाईल.